या चुका टाळा: सोसायटीचा खतखड्डा, रोपं आणि एप्रिल महिना

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खतप्रकल्पाचं उद्घाटन रीतसर नारळ फोडून झालं. तिसऱ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या आणि पाचव्या आठवड्यात खड्ड्याशेजारी पाटी लागली: 'वास येत असल्यास समितीस कळवावे.' वास समितीलाही येत होता. वर्गणी, ठराव, फोटो, सगळं झालं होतं. खड्ड्यात हात कोण घालणार, एवढंच ठरलं नव्हतं.

वासाचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणीच जास्त. तो नुसता ओतत राहिलं की खाली दबतो, हवा शिरत नाही आणि कुजण्याऐवजी सडतो. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला सुक्या पानांच्या निदान दोन बादल्या, असं आमचं गणित आता बसलंय. वास सुटलाच, तर पाणी आणि नवा कचरा बंद. ढीग खालीवर करायचा, भरपूर पानं मिसळायची, वरूनही पानांनीच झाकायचा. चार-पाच दिवसांत फरक कळतो. मूठभर खत दाबून पाहा: एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पानं कमी पडली, आणि भुगा होऊन मुंग्या लागल्या असतील तर पाणी शिंपडा. जाड करड्या अळ्या दिसल्या की लोक रॉकेल ओततात. कृपा करून ओतू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा भराभर फस्त करतात. फार झाल्या तर ढीग जास्त ओला आहे, एवढाच अर्थ.

पण ऐन जुलैत सुकी पानं आणायची कुठून? इथेच सगळे फसतात. पुण्यात पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा आपण ती झाडून पेटवून देतो. तीच पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली तर पावसाळा निघतो.

दुसरी चूक आम्हाला फार उशिरा उमगली. ओला-सुका वेगळा करण्याची बैठक रविवारी संध्याकाळी झाली, सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. पण आमच्याकडे बादली उचलतात त्या कामाला येणाऱ्या मावशी, आणि त्या ना बैठकीत होत्या ना ग्रुपवर. खड्ड्यात दुधाच्या पिशव्या सापडल्या की बोल मात्र त्यांना. शेवटी मावशींना आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सकाळच्या चहाला बसवून विचारलं. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं की बादल्यांचे रंग सारखे आहेत आणि खड्ड्याचं झाकण एकट्या बाईला उचलत नाही. दोन्ही खरं होतं. निर्माल्यही त्यांनीच वेगळं काढायला लावलं. हारांतला नायलॉनचा दोरा आणि जरीचे धागे कुजत नाहीत.

पुणे महापालिका गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण, सौरऊर्जा यांसाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. निव्वळ तेवढ्यासाठी खड्डा खणणार असाल, तर खणू नका.

आता झाडं. जूनमध्ये लावायला पन्नास माणसं येतात, एप्रिलमध्ये पाणी घालायला वॉचमन. रोप निदान दोन-तीन उन्हाळे जगवावं लागतं, म्हणून जेवढ्यांना पाण्याचे वार ठरतील तेवढीच रोपं आणा. पिशवी फाडून काढा (हसू नका, मेलेलं रोप उपटल्यावर मुळांभोवती अख्खी पिशवी निघालेली मी पाहिली आहे). बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका, चहूबाजूंनी निदान मीटरभर माती मोकळी हवी. तामण, बहावा, करंज ही आपल्या हवेतली झाडं. गच्चीवर वाफे करायचे असतील तर आधी इंजिनिअरला विचारा; एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या आसपास भरते.

टेकडीबद्दल मात्र मी जरा कडवट आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा तळजईच्या टेकडीवर 'ओसाड जागा' म्हणून जी दिसते, ती बरेचदा गवताळ माळ असते. तिथे पावसाळ्यात रानफुलं येतात, जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. तिथे खड्डे खणून दाट झाडी लावणं हे हिरवळीच्या नावाखाली माळ मोडणं झालं. पूर्वी झटपट वाढते म्हणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) लागवड झाली. त्या झाडीखाली आज फारसं दुसरं काही दिसत नाही. मियावाकी या दाट लागवडीच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. ते वस्तीतल्या पडीक, भराव टाकलेल्या तुकड्यावर करून पाहा, मुरमाड उतारावर नको. टेकडीसाठी काही करायचंच असेल, तर वनखात्याला विचारून उन्हाळ्याआधी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा (गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढायला मदत करा. फोटो बरे येत नाहीत, पण गवत वाचतं.

आमच्या फलकावर आता पाण्याच्या वारांचा तक्ता आहे. मे महिन्यात गावाला निघालेल्या माणसाला लिफ्टमध्ये एकच प्रश्न विचारला जातो: तुमचा मंगळवार कुणाला दिला?