पहिल्या बाळंतपणाआधी मनाची तयारी कशी करायची, आमच्या बेळगाव भागातल्या पोरींसाठी

ओटी भरायला बायका जमल्या की जेवणं होईस्तोवर एकच विषय असतोय, कुणाची डिलिव्हरी कशी अडली, कुणाला किती टाके पडले, कुणाला रात्रीचं खानापूरहून बेळगावला हलवावं लागलं, आणि जिची ओटी भरायची ती पोर हिरव्या साडीत गप बसून सगळं ऐकत असते. कुणाचा हेतू वाईट नसतोय, पण तिच्या डोक्यात नववा संपेपर्यंत तेच फिरत राहतं. म्हणून सुरुवात इथनंच करायची. असली गोष्ट निघाली की सरळ म्हणायचं, "मावशी, हे मला बाळ झाल्यावर सांगा की, आत्ता नको." आणि त्याच मावशीला विचारायचं, तुमच्या कळांच्या वेळी तुम्हाला कशानं बरं वाटलं, जवळ कोण होतं? हे त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं, मग कामाच्या गोष्टी बाहेर पडतात, एक सांगते मी खिडकीचा गज धरून उभी राहत होते, दुसरी सांगते आई नुसती पाठ चोळत बसली होती, तेवढ्यानं रात्र निघाली.

अजून एक आधीच सांगते. नॉर्मल झालं म्हणजे चांगलं आणि सिझर झालं म्हणजे हरलो, असं मनात धरून बसू नको. नॉर्मल होऊनही त्या आठवणीनं दचकणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि सिझर होऊन समाधानानं घरी आलेल्यापण. आपल्याबरोबर काय चाललंय ते कळत होतं का, काही करायच्या आधी आपल्याला सांगितलं-विचारलं का आणि आपलं माणूस जवळ होतं का, ह्यानं सगळा फरक पडतो.

आता कळांचं बघ. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, अंग आखडतं, कळा पुढं नेणारं ऑक्सिटोसिन कमी पडू शकतं, म्हणजे भीतीनं दुखणं वाढतं आणि दुखण्यानं परत भीती. हे चक्र तोडायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे हिशोब माहिती असणं. कळ सलग नसते. ती चढते, टोकाला जाते, उतरते, साधारण मिनिटभरात संपते. दर 5 मिनिटांनी एक मिनिटाची कळ धरली तर तासात 12 मिनिटं कळा आणि 48 मिनिटं मोकळी. शेवटी शेवटी कळा जवळ जवळ येतात हे खरं, तरी मधली फट असतेच, आणि त्या फटीत पाणी पिणं, डोळे मिटणं, खांदे सोडणं एवढंच काम असतंय.

दुसरं, वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनेप्रमाणं पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर खरा जोराचा टप्पा सुरू झाला असं धरतात, आणि पहिलटकरणीला तिथनं पुढंही बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्याच्या आधीचा हळू टप्पा तर त्याहून लांबू शकतो. म्हणून "अजून दोनच बोटं उघडलंय" असं सिस्टर म्हणाल्या की रडू फुटतं तसं होऊ देऊ नको, ते वाईट लक्षण नव्हे. चेकप सगळे ठीक असतील आणि डॉक्टरांनी घरी थांबायला हरकत नाही म्हटलं असेल तर ह्या टप्प्यात घरीच पेज पी, परसात फेऱ्या मार, झोप आली तर झोप. मात्र अंगावरनं रक्त जायला लागलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यापुढं अंधारी आली किंवा 37 आठवडे भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या तर वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

श्वासाचा सराव नुसता वाचून येत नाही, करावा लागतो. आठव्यापासनं रोज रात्री जेवणानंतर फ्रीजमधला बर्फाचा खडा मुठीत धर आणि मोबाईलवर एक मिनिट लाव. पहिली काही सेकंद काहीच वाटत नाही, मग तळहात झोंबायला लागतो आणि नेमकं तेव्हा खांदे वर जातात, दात आवळतात, श्वास अडकतो. तिथंच काम आहे. जबडा सैल सोड, नाकानं चार आकडे मोजत श्वास घे, तोंडानं सहा आकडे मोजत हळूहळू सोड, सोडताना आवाज निघाला तर निघू दे. खड्यापेक्षा कळ कितीतरी मोठी असते, पण झोंबत असताना अंग सैल सोडायची सवय इथंच लागते, आणि ऐनवेळी नवी गोष्ट आठवत नाही, सवयीची आठवते. जो लेबर रूममध्ये बरोबर असणार त्यालाही शेजारी बसवून मोजायला लाव.

बरोबर कोण असणार हे आत्ताच ठरव. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय म्हणून आईच असणार असं सगळे धरून चालतात, पण आई स्वतःच तुझं दुखणं बघून रडणारी असली तर मोठी वैनी किंवा आक्का बरी, मन घट्ट असलेली. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक माणूस असू द्यायला केंद्र सरकारनं 2016 मध्ये परवानगी दिल्यालीय, बहुतेक ठिकाणी बाई लागते, आडोसा असला तर नवऱ्यालाही सोडतात. प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी, म्हणून आधीच विचार. त्या माणसाला एवढं शिकवून ठेव: कळ आली की बोलायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, कंबरेच्या खाली माकडहाडाच्या जरा वर तळहाताची टाच दाबून धरायची, कळ उतरली की सोडायची आणि पाण्याचा घोट द्यायचा. दाबायची जागा तू हाताला धरून दाखव, दोन बोटं इकडंतिकडं झाली तर उपयोग होत नाही. पाव्हण्यांचे "झालं काय?" म्हणून फोन सुरू होतात, त्यासाठी बाहेर बसलेला वेगळा माणूस ठेव.

नवव्यात एकदा दवाखान्याला नुसतं बघायला जा. सिव्हिल असो की खाजगी, लेबर रूम कुठल्या मजल्यावर, रात्री कुठल्या गेटानं आत जायचं, चालू-फिरू देतात का, दुखणं कमी करायचं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, मिळतं का, हे विचारून घे. ते घ्यावं वाटलं तर घे, त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडं बरेच डॉक्टर, सिस्टर मराठी बोलतात, पण रात्रपाळीला नुसती कन्नड येणारी सिस्टर असू शकते, तेव्हा नोवु म्हणजे दुखणं, नीरु म्हणजे पाणी, उसिरु म्हणजे श्वास, एवढं कानावर असलं की "उसिरु तगोरी" म्हटलं की घाबरायला होत नाही, श्वास घ्यायचा. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाचं सरकारी कार्ड, आणि स्कॅनचे कागद एका पिशवीत घालून दाराजवळ ठेव. माहेर जांबोटी-कणकुंबीकडं असलं आणि तारीख पावसाळ्यातली असली तर गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, हे आधी पक्कं कर, 108 आहेच, पण त्या पावसात दुसरी सोय असली की निम्मी काळजी जाते.

सिझर लागलंच तर काय होतं तेही आत्ताच ऐकून ठेव. बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देतात, कंबरेखालचं बधिर होतं, तू जागी असतेस, छातीपुढं पडदा असतो, ओढल्यासारखं जाणवतं पण कापल्याचं दुखत नाही, आणि बाळाचं रडणं तुझ्या कानावर पडतं. आधीच डॉक्टरांना सांगून ठेव की बाळ ठीक असेल तर लगेच माझ्या गालाशी, छातीशी आणा, आणि पहिल्या तासात दूध पाजायला मदत करा. हे मागणं सिझरमध्येपण चालतं.

आधी एखादं बाळ गेलं असेल किंवा हे पहिलं बाळंतपण नसून मागची डिलिव्हरी वाईट गेली असेल, आणि आता रात्र रात्र झोप नसेल, तर हे वाचून भागणार नाही, पुढच्या चेकपला डॉक्टरांना स्पष्ट सांग. टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.

आणि घरच्यांसाठी. बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडते, ते दोन आठवड्यांत ओसरतं. त्याच्या पुढं राहिलं, बाळाकडं बघूही वाटेना झालं, जगू नये वाटायला लागलं तर डिंकाच्या लाडवांनी ते बरं होत नाही, डॉक्टर गाठायचा, जगू नये म्हणाली तर त्याच दिवशी, आणि तिला एकटी सोडायची नाही. तोवर तिला "रडू नको, दूध आटेल" असं म्हणू नका. दूध पाजून झालं की बाळ तुम्ही घ्या, दार ओढून घ्या आणि तिला सलग दोन तास झोपू द्या.