बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, वाटेला लागतो

बार्बाडोसला कुटुंब घेऊन जायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "व्हिसाच लागत नाही, तिकीट काढा आणि निघा." या सल्ल्यावर विसंबून निघालेली माणसं चेक-इन काउंटरवरून परत फिरताना मी पाहिली आहेत. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसमध्ये शिरायला व्हिसा लागत नाही, हे खरं आहे. पण भारतातून तिथे थेट विमान जात नाही. मध्ये लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क, मायामी किंवा युरोपातला एखादा विमानतळ येतोच, आणि तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागू शकतो. या सहलीत अवघड आहे ते एवढंच. बाकीचं सगळं कोणालाही जमेल असं आहे, म्हणून या लेखात त्याला जागा कमी दिली आहे.

कॅरिबियनमधल्या इतक्या बेटांत आम्ही पुन्हापुन्हा याच बेटावर का जातो, तेही सांगते. बेट लहान आहे, साधारण 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. आजीआजोबांना न दमवता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येतं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, सगळीकडे इंग्रजी चालतं. चुनखडीच्या खडकातून झिरपून आलेलं नळाचं पाणी थेट पिता येतं, आणि लहान मुलं बरोबर असली की याची किंमत कळते. आणि क्रिकेट! गारफिल्ड सोबर्स इथलेच. 29 जून 2024 रोजी भारताने टी-20 विश्वचषक जिंकला तो ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर.

महिना

एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेअखेर. माझं मत यावर पक्कं आहे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत अमेरिका आणि युरोपातली माणसं थंडीला कंटाळून येतात, तेव्हा हॉटेलांचे दर चढलेले असतात. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात बेभरवशाचे. बार्बाडोस बेटांच्या माळेपासून जरा पूर्वेला सुटलेलं असल्यामुळे बरीच वादळं त्याला चुकवून जातात. पण विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ बेरिल वादळामुळे तिथेच अडकून पडला होता, हे विसरू नका. मुलांच्या शाळेमुळे जून-जुलैतच जाणं भाग असेल तर रद्द करता येणारं हॉटेल घ्या आणि प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत.

वाट ठरवणं

आता मुख्य काम. तिकिटांचं संकेतस्थळ उघडण्याआधी कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. प्रत्येक नावापुढे पासपोर्ट कोणत्या देशाचा, त्याची मुदत कधी संपते, आणि त्यावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, शेंगेन (म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून असलेला प्रवेश-विभाग) यांपैकी कोणता चालू व्हिसा आहे ते लिहा. ज्याचा पासपोर्ट सगळ्यात कोरा, त्याच्यावरून अख्ख्या कुटुंबाचा मार्ग ठरतो. आईबाबांकडे आणि मुलांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, आजीकडे नाही, आणि तिकीट मायामीमार्गे काढलं आहे, हे चित्र मी काउंटरवर पाहिलं आहे. आजीला मायामीत राहायचं नव्हतं, फक्त दुसऱ्या विमानात बसायचं होतं. पण त्याने काहीच फरक पडत नाही. त्या आजी घरी परतल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगाही.

अमेरिकेपासून सुरुवात करू. व्हिसाशिवाय विमान बदलू देण्याची सवलत तिथे 2003 मध्येच बंद झाली. शिवाय बाहेरच्या देशातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशनमधून जावं लागतं. बॅगा उचलायच्या, कस्टम्स पार करायचं आणि बॅगा पुन्हा द्यायच्या. परतीच्या वाटेवरही पुन्हा हेच. म्हणून सगळ्यांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तरच हा मार्ग घ्या, आणि दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवा. बुकिंग करताना दीड-दोन तासांचं कनेक्शन दिसतं, ते घेऊ नका. त्या रांगा लहान मुलांना घेऊन तेवढ्या वेळात सरत नाहीत.

ब्रिटनच्या बाबतीत गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानतळाच्या आतल्या आत, इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलायचं असेल तर एक व्हिसा. इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागणार असेल तर दुसरा, आणि तो 48 तासांपर्यंतच्या मुक्कामाला चालतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असलेल्यांना आतल्या आत विमान बदलायला सूट आहे. पण ही सूट ऐकून लोक निर्धास्त होतात आणि तिकीट नीट वाचत नाहीत. लंडनला एकच विमानतळ नाही. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर इमिग्रेशन ओलांडून, बॅगा घेऊन, रस्त्याने जावं लागतं. कॅरिबियनकडे जाणारी बरीच विमानं गॅटविकहून सुटतात, त्यामुळे विमानतळाचं नाव दोन्ही ठिकाणी एकच आहे ना, हे बोट ठेवून वाचा. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर व्हिसा लागतो की नाही हे सांगणारी प्रश्नावली आहे. ती प्रत्येक सदस्यासाठी वेगळी भरा आणि उत्तर छापून ठेवा.

लंडनमार्गे जाणाऱ्या कुटुंबाने ट्रान्झिट व्हिसाच्या, म्हणजे फक्त विमान बदलण्यापुरत्या या व्हिसांच्या नादी लागू नये, असं मी ठामपणे सांगते. साधा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा घ्या. तो महाग आहे, पण पुढचं विमान चुकलं किंवा रद्द झालं तर तुम्ही बाहेर पडून हॉटेलात झोपू शकता. आतल्या ट्रान्झिट व्हिसावर दोन लहान मुलं आणि एक मधुमेही आजोबा यांच्यासह विमानतळाच्या बाकावर रात्र काढण्याची वेळ येऊ शकते. दुसरं कारण परतीचं. तुम्ही त्याच वाटेने परत येणार आहात, म्हणजे व्हिसा दोन वेळा वापरावा लागणार. व्हिसा कोणत्याही देशाचा असो, परतीच्या तारखेलाही तो चालू आहे का आणि दुसऱ्यांदा वापरता येतो का, ते अर्ज करतानाच पाहा.

कॅनडाचा मार्ग फारसा कोणी सुचवत नाही. टोरांटोहून बार्बाडोसला थेट विमानं आहेत आणि 48 तासांच्या आत पुढे जाणाऱ्यांसाठी असलेल्या कॅनडाच्या ट्रान्झिट व्हिसाला फी पडत नाही. सगळ्यांचे पासपोर्ट कोरे असतील आणि हातात पुरेसे महिने असतील तर हा पर्याय आधी तपासा.

युरोपात देशागणिक नियम वेगळे. काही देश भारतीयांकडून विमानतळावरचा ट्रान्झिट व्हिसा मागतात, काही मागत नाहीत, आणि हे बदलत राहतं. ज्या देशात विमान बदलणार त्याच देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ पाहा, व्हिडिओ नको. एक गोष्ट मात्र पक्की: शेंगेनमधल्या दोन विमानतळांवर थांबणारं तिकीट घेऊ नका. पहिल्यावरून दुसऱ्याला जाणं म्हणजे शेंगेनमध्ये प्रवेश करणं, आणि त्याला पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो.

आता सगळ्यात धोकादायक सल्ला: "दोन वेगळी तिकिटं काढा, स्वस्त पडतं." लंडनपर्यंत एक, तिथून पुढे दुसरं. कुटुंबासाठी हे मुळीच करू नका. पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, वेगळे असले की बॅगा सहसा शेवटपर्यंत जात नाहीत. त्या घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे आतल्या ट्रान्झिटची सूट गेली. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते. पाच जणांची नवी तिकिटं त्या दिवशीच्या दराने काढण्यात वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात. काही संकेतस्थळं अशी जोडलेली तिकिटं एकच असल्यासारखी दाखवतात. "सेल्फ ट्रान्सफर" हे शब्द दिसले की ते पान बंद करा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वाट, मग व्हिसा, मग परतावा न मिळणारं तिकीट आणि शेवटी हॉटेल. व्हिसाच्या अर्जाला तारखा द्याव्या लागतात म्हणून तिकीट हवंच असेल तर पैसे परत मिळणारं घ्या. पासपोर्ट व्हिसा केंद्रात अडकतो, त्यामुळे दोन देशांचे अर्ज एकाच वेळी करता येतीलच असं नाही. निदान तीन महिने हातात ठेवा.

तिकीट, सामान, चेक-इन

बार्बाडोसचा इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म निघण्याआधी भरा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून घ्या. फोनची बॅटरी संपण्याची वेळ नेमकी तिथेच येते.

सामानात एकच गोष्ट निक्षून: लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे नकोत. बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने ते वापरणं कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलांनाही तो लागू आहे. मुलांच्या चड्ड्या, टोप्या, दप्तरं तपासा. प्लग अमेरिकी पद्धतीचे, चपट्या पिनांचे, आणि वीज 115 व्होल्टची, त्यामुळे आपली इस्त्री किंवा किटली तिथे नीट चालणार नाही.

काउंटरवर चार तास आधी पोचा. तिथला कर्मचारी तुमच्या मार्गातल्या प्रत्येक देशाचा नियम संगणकावर पाहतो, आणि त्याला खात्री पटली नाही तर तो बोर्डिंग पास देत नाही. व्हिसा, प्रश्नावलीची छापील उत्तरं, परतीचं तिकीट एका फाइलमध्ये, माणसागणिक लावून ठेवा. पुढच्या विमानाचे बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्या. बॅगेच्या पट्टीवर शेवटचा कोड बीजीआय आहे का ते स्वतः वाचा. तो ग्रँटली अॅडम्स विमानतळाचा कोड. अमेरिकेमार्गे जाताना बॅगा मध्ये उचलाव्या लागल्या तरी पट्टीवर हाच कोड हवा.

उतरल्यावर

बार्बाडोसचं घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. पहिल्या दिवशी मुलांना रात्री आठपर्यंत जागं ठेवा, तरीही ती पहाटे तीनला उठतील. म्हणून पहिल्या दोन दिवसांत सकाळी काहीही पैसे भरून ठरवू नका.

पोहायला पश्चिम किनारा. तिथे समुद्र शांत असतो, कार्लाइल बेमध्ये कासवं दिसतात. पूर्वेला बॅथशिबा बघायला जरूर जा, पण अटलांटिकच्या त्या लाटांत मुलांना सोडू नका. खडकांमधल्या डबक्यांत बसवा. किनाऱ्यावर बुंध्याला लाल पट्टा मारलेलं झाड दिसलं तर ते मँचिनील. त्याचं लहान सफरचंदासारखं फळ विषारी असतं, चीक कातडी भाजतो. पावसात आडोशाला त्याच्याखाली उभं राहिलात तरी अंगावर फोड येतात. हे मुलांना विमानातच सांगून ठेवा.

दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर बांधलेला आहे. अमेरिकी डॉलर चालतात, पण सुटे स्थानिक चलनात मिळतात. कोणी भाव सांगितला की कोणत्या डॉलरमध्ये ते आधी विचारा. सरकारी निळ्या बसला कुठेही जा, साडेतीन बार्बाडोस डॉलर. सुटे द्यावे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत. स्टॉपवर "टू सिटी" किंवा "आउट ऑफ सिटी" लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाउन. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला मासे खायला जा. शाकाहारी असाल तर मॅकरोनी पाय आणि ब्रेडफ्रूट यांवर पोट भरतं.

त्रिनिदाद जोडायचं असेल तर

एवढ्या लांब आलोच आहोत तर दोन दिवस त्रिनिदाद, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. ते आयत्या वेळी ठरवू नका. पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या ठिकाणांच्या भारताच्या यादीत बार्बाडोस नाही, पण त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लसीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते आणि टोचल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. त्रिनिदाद हवं असेल तर लसीची तारीख व्हिसाच्या अर्जांबरोबरच घेऊन टाका.