सन वर्कस्टेशनवर सीडी माउंट होत नाही? या चुका टाळा

सनच्या जुन्या वर्कस्टेशनमध्ये सीडी घातली, ती डिरेक्टरीत जोडणारी माउंट कमांड दिली आणि उत्तर आलं ‘डिव्हाइस बिझी’. लगेच ड्राइव्ह खराब झाला असं ठरवू नका. सनची ऑपरेटिंग सिस्टिम सोलारिस, तिच्या २.२ ते १० या आवृत्त्यांत व्होल्ड नावाचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) सीडी आत जाताच स्वतःच ती माउंट करतो. त्यामुळे आधी डीएफ ही माउंट झालेल्या डिस्क दाखवणारी कमांड चालवून बघा. स्लॅश सीडीरॉम खाली डिस्क दिसली तर काम झालेलंच आहे. हातानेच माउंट करायची असेल तर आधी व्होल्ड बंद करा, मगच कमांड द्या.

हाताने माउंट करताना फाइल सिस्टिमचा प्रकार न सांगणं ही नेहमीची चूक. न सांगितल्यास सोलारिस यूएफएस, म्हणजे हार्ड डिस्कवरचा प्रकार, गृहीत धरतं. डेटा सीडी असते आयएसओ ९६६० या सीडीच्या प्रमाणित फॉरमॅटची, तिच्यासाठी एचएसएफएस हा प्रकार सांगावा लागतो. सोबत आरओ (फक्त वाचण्यासाठी) हा पर्यायही हवाच, नाहीतर डिस्क राइट-प्रोटेक्टेड असल्याची तक्रार येते.

खरी डोकेदुखी सीडी बाहेर काढताना. इजेक्ट दिलं तरी ट्रे हलत नाही, कारण कोणत्यातरी खिडकीतली शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) अजून त्या सीडीच्या डिरेक्टरीत बसलेली असते. बऱ्याचदा ती खिडकी आपलीच असते! फ्यूजर या कमांडला सी आणि यू हे पर्याय देऊन माउंट पॉइंट (सीडी जोडलेली डिरेक्टरी) सांगा, डिस्क कोणी अडवलीय ते प्रोसेस क्रमांक आणि युजरच्या नावासह कळतं. त्या शेलमध्ये डिरेक्टरी बदलण्याची ‘cd’ कमांड देऊन बाहेर या. उतावीळपणे फ्यूजरला के पर्याय देऊ नका, त्या डिस्कवर काम करणाऱ्या सगळ्या प्रोसेस मरतात, दुसऱ्याचं अर्धवट इन्स्टॉलेशनसुद्धा. सीडी एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवर, शेअर केली असेल तर ते शेअरिंगही आधी बंद करावं लागतं.

फ्लॉपीचं वेगळंच. ती घातल्याचं व्होल्डला आपोआप कळत नाही, व्होलचेक ही कमांड चालवावी लागते.

ड्राइव्ह मुळातच दिसत नसेल तर मशीन नीट शटडाउन करून ओके प्रॉम्प्टवर (सोलारिस सुरू होण्याआधी मशीन कमांड घेतं तिथे) आणा आणि प्रोब-स्कझी चालवा, ती स्कझी केबलवर जोडलेले ड्राइव्ह शोधते. चालू मशीनवर स्टॉप-ए या कळा दाबून, सोलारिस मध्येच थांबवून हा प्रयोग नको, मशीन अडकून पडतं. स्कझीवालं सन मशीन सीडी ड्राइव्ह स्कझी आयडी (केबलवरचा ड्राइव्हचा क्रमांक) ६ वर अपेक्षित धरतं. त्याच केबलच्या साखळीत तोच आयडी दुसऱ्या डिस्कला दिला असेल तर दोन्ही गोंधळ घालतात. आणि पीसीचा ड्राइव्ह उचलून लावला असेल तर त्याचा ब्लॉक (एका वेळी वाचायचा डेटाचा तुकडा) २०४८ बाइटचा असतो. जुन्या सनला बूट व्हायला ५१२ बाइटचा लागतो. काही ड्राइव्हच्या मागे त्यासाठी जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, तो बघून घ्या.