एका खोडाची उलांडी होडी कशी घडवावी

कोकणच्या खाड्यांत आणि किनाऱ्यालगत चालणाऱ्या जुन्या उलांडी होडीचा तळ आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेला असतो. बाजू उंच करायला वर फळी शिवतात, तोल राखायला एका अंगाला उलांडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारा ओंडका, बांधतात. फायबरच्या होड्या आल्यापासून ही कोरणी झपाट्याने मागे पडली आहे, आणि ज्यांच्या हातात वाकस (लाकूड तासायचं हत्यार) चालतो त्यांनी ती टिकवायलाच हवी. खालची मापं १६ फुटी होडीची आहेत.

निम्मं काम झाड निवडण्यातच असतं. आंबा रायवळ हवा. हापूसच्या कलमाला कमी उंचीवरच फांद्या फुटतात, सलग खोड मिळत नाही. बारीक टोकाकडे ७ फूट घेर आणि १८ फूट सरळ लांबी बघा. दोन्हीकडचा एकेक फूट पुढे कापून टाकायचा असतो, कारण चिरा टोकांनाच आधी पडतात. सालीवरच्या रेघा पिळवटलेल्या दिसल्या तर आतला रेषाही पिळलेला असतो. असं खोड वाळताना तिरकं चिरतं आणि ती चीर कशानेही बुजत नाही. भोकं आणि बुंध्याशी भुसा म्हणजे भिरूड, खोड पोखरणारी कीड. कुऱ्हाडीचा माथा ठोकून पोकळ आवाज आला तरी झाड सोडा. आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे, तेव्हा स्वतःच्या परड्यातलं झाड असलं तरी आधी परवानगी घ्या.

पाऊस संपल्यावर, थंडीत तोड करा. खोड आडवं झालं की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना शेण-मातीचा जाड लेप द्या आणि सावलीत ठेवा. ओलं लाकूड वाकसाखाली लोण्यासारखं सुटतं, म्हणून ते सुकायच्या आत कोरून घ्यावं. रोज काम थांबलं की ओली गोणपाटं टाकायला विसरू नका.

वरचा ८ इंच भाग तासून सपाट करा. म्हणजे सुमारे २ फूट रुंदी मिळते आणि खोडाचा गाभा पोकळीत येऊन निघून जातो. गाभा तळात राहिला तर होडी हमखास मधोमध फाटते. दोन्ही टोकांना ओळंबा धरून मध्य काढा, काव लावलेली दोरी ताणून रेघ मारा. मग खोड उलटं करून आधी बाहेरचा आकार पूर्ण घडवा. आतून सुरुवात केली तर किती लाकूड उरलं याचा अंदाजच राहत नाही.

जाडी सांभाळायला खुंट्या वापरा. बाहेरून गिरमिटाने दोन सुती (पाव इंची) भोकं पाडा: तळाला पावणेदोन इंच खोल, बाजूंना १ इंच. दर दीड फुटावर एक ओळ, ओळीत पाच भोकं. त्यांत त्याच लांबीच्या, टोक कोळशाने काळं केलेल्या बांबूच्या खुंट्या घट्ट ठोका. आता खोड सुलटं करा. दर फुटावर कुऱ्हाडीने आडवे खाचे घ्या, मधले ठोकळे फोडून काढा, मग वाकस आणि शेवटी गोल पटाशी. लाकडात काळा ठिपका दिसला की त्या जागी हात थांबवा. खुंट्या तशाच राहू द्या. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला हातभर भाग भरीवच ठेवा.

कोरलेली होडी तीन-चार टेकूंवर सावलीत सावकाश सुकू द्या, निदान महिना-दीड महिना. बारीक चिरांत काथ्या आणि तेलात घोटलेली राळ भरा. चीर वाढते आहे असं दिसलं तर तिच्या शेवटाला भोक पाडून खुंटी ठोका, ती तिथेच अडते.

फळी १ इंच जाड, ८-९ इंच रुंद. फळी आणि होडीच्या काठावर दर ३ इंचांवर समोरासमोर भोकं पाडा, सांध्यावर आतून काथ्याची वळी ठेवा आणि काथ्याच्या दोरीने फुलीची शिवण घाला. प्रत्येक टाका काठीला पीळ देऊन आवळा, भोकं राळेने बुजवा. खिळे नकोत. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं आणि खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून सैल होतं. शिवण लाटेच्या दणक्याला थोडी हलते, म्हणून फळी चिरत नाही.

उलांडीचा ओंडका पांगाऱ्याचा, कारण तो हलका असतो: ८-९ फूट लांब, दोन्ही टोकं निमुळती. दोन बाकदार आडव्या लाकडांनी तो होडीपासून ५-६ फुटांवर दोरीनेच बांधा. भरलेली होडी सरळ उभी असताना ओंडका पाण्याला जेमतेम टेकला पाहिजे. वर राहिला तर होडी डोलते. फार बुडला तर पाणी ओढतो आणि होडी सतत त्याच अंगाला वळते, वल्हवणाऱ्याचे हात भरून येतात. दोरीच्या गाठी सैल-घट्ट करून हे मापात आणता येतं.

शेवटी आतून-बाहेरून उंडीच्या तेलाचे तीन हात द्या, मधे प्रत्येक हात पूर्ण जिरू द्या. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना तेलात खलून लावा. पहिल्या दिवशी शिवणीतून पाणी झिरपेल. काथ्या फुगला की ते कमी होतं. दोन दिवसांनंतरही झिरपत असेल तर तो टाका उसवून पुन्हा घाला. मधूनमधून होडी वाळूवर ओढून पूर्ण सुकवा, नाहीतर खाऱ्या पाण्यातली अळी तळ पोखरते. पावसाळ्याआधी ती वर घेऊन झावळ्यांनी शाकारून ठेवा आणि उलांडीच्या दोऱ्या दरवर्षी नव्या घाला.