तळमजल्याच्या बाथरूममधला वास आणि गुडगुड: कुठून सुरुवात करायची

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये मी प्लंबिंगची कामं करतो, आणि वासाच्या तक्रारी जास्त करून तळमजल्यावरूनच येतात. वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी तुमच्या भिंतीमागून उतरतं आणि ड्रेनेजचं चेंबर तुमच्याच खिडकीखाली असतं. घरात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वास येतो कधी?

गावाहून परत आल्यावर दार उघडताच भपकारा आला, तर नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग, सुकला असणार. जाळीखाली साधारण दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं. गटारातली हवा त्या पाण्यामुळेच अडते. उन्हाळ्यात महिनाभर घर बंद राहिलं की ते उडून जातं. अर्धी बादली पाणी ओता आणि तासाभराने बघा. पुढच्या वेळी गावाला निघताना ट्रॅपमधल्या पाण्यावर दोन चमचे गोडंतेल सोडा, पाणी बरेच दिवस टिकतं.

रोज वापर असूनही वास येत असेल तर हातमोजे घालून जाळी उचला. केसांचा गुंता आणि साबणाचा थर काढा, ब्रशने घासा. आत प्लास्टिकचा कप असेल तर तो धुऊन पुन्हा जागेवर बसवा. पाणी झटकन जावं म्हणून हा कप काढून टाकलेली घरं मला सारखी भेटतात. कप नसला की ट्रॅपमधलं पाणी हवा अडवत नाही, मग तिथे बाटल्याच्या बाटल्या फिनाईल ओतलं तरी उपयोग नाही. आणि अॅसिड नकोच. आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

तरीही उलगडा होत नसेल तर रात्री जाळीवर प्लास्टिकची पिशवी पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. सकाळी वास नसेल तर दोष ट्रॅपचाच. असेल तर बेसिनखाली वाकून बघा. अनेक घरांत बेसिनचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो. बेसिनला बॉटल ट्रॅप (तळाशी पाणी धरणारा बाटलीसारखा ट्रॅप) लावून घ्या आणि पाइपभोवतीची फट बुजवा. कमोडच्या बुडाशी पांढऱ्या सिमेंटला भेग गेली असेल तर तीही भरून घ्यावी लागेल.

आता गुडगुड. वरच्यांनी फ्लश केला किंवा वॉशिंग मशिनचं पाणी सोडलं आणि तुमच्या जाळीतून बुडबुडे आले, तर त्याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. उभ्या पाइपातून पाणी कोसळताना पुढची हवा ढकलतं आणि मागची ओढतं. गच्चीवरचं पाइपाचं तोंड मोकळं असेल आणि खालची लाइन वाहती असेल तर हवा आपल्या वाटेने जाते. यातलं काही तुंबलं की ती तुमच्या ट्रॅपमधून वाट काढते आणि जाताना ते दोन इंच पाणीही हलवते. म्हणून आधी चेंबरचं झाकण उघडून बघा. पाणी तुंबलेलं दिसलं तर अडथळा पुढे आहे. चेंबर वाहतं असेल तर गच्चीवर जा. पाइपाच्या तोंडात कबुतराचं घरटं असतं, नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्याने ते बुजवलेलं असतं. दोन्हीकडे काही सापडलं नाही तर सोसायटीकडे आग्रह धरा: तळमजल्याची लाइन उभ्या पाइपातून सोडवून वेगळी चेंबरला जोडा. पक्का इलाज तोच.

झाकण उघडताना वाकून आत डोकावू नका. सडक्या अंड्याचा वास देणारा वायू फार साचला की नाकाला तो कळेनासाच होतो. आत माणूस तर कधीच उतरवायचा नाही, कितीही घाई असो. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने लाइन साफ करणारी जेटिंगची गाडी बोलवा. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस असा उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी कुणाला उतरू दिलं नसतं.

बाकीचे आवाज सोपे. नळ पटकन बंद केल्यावर भिंतीत धाडकन आवाज होतो तो वाहतं पाणी एकदम अडल्यामुळे; सुटलेले क्लॅम्प घट्ट करा आणि प्रेशर पंप असेल तर त्याचा दाब कमी करून घ्या. रात्री फ्लशच्या टाकीतून बारीक सूं सूं येत असेल तर टाकीत थोडी शाई टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर बदला.