घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नसेल तर आधी हे बघा
साखळीला कुळागरात (सुपारीच्या बागेत) कॅमेरा लावला, पण पणजीहून मोबाईलवर काय दिसेना, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं राऊटरने कॅमेऱ्याकडे पाठवायची सोय) करून करून दोन रविवार गेले. शेवटी राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (नेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा! १००.६४ ते १००.१२७ मधला नंबर दिसला की समजायचं, कंपनीने एकच पब्लिक आयपी (बाहेरून दिसणारा पत्ता) बऱ्याच घरांत वाटलाय, बाहेरून तुमच्या घरात शिरायला वाटच नाही, मग पोर्ट कितीही उघडा. त्यांचाही नाईलाज, जुने आयपीव्ही-४ पत्ते साधारण ४३० कोटीच, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले.

उपाय म्हणजे राऊटरमध्ये आयपीव्ही-६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) चालू करा, बऱ्याचदा ते बंदच असतं. कॅमेऱ्याला २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता मिळाला की झालं, एफई८० वाला घरापुरताच, तो उपयोगाचा नाही. मोबाईलच्या नेटवरही आयपीव्ही-६ हवं हां. आणि राऊटरचा फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारा पहारा) अख्खा बंद करू नका रे, कॅमेऱ्याचा तेवढाच पोर्ट उघडा, आणि त्याआधी पासवर्ड बदला, नायतर सुपारी कोण नेतो ते तुमच्याआधी दुसराच बघेल.