जॅकवेलचं गेट अडकलं तेव्हा

पावसाळ्यात जॅकवेलचं, म्हणजे गावाला पंपाने पाणी देणाऱ्या विहिरीचं, पाणी आत घेणारं गेट उघडताना चार बोटांवरच अडकलं. विहीर उपसून बघायची म्हणजे दोन दिवस गाव कोरडं; म्हणून पाणबुडे बोलावले. मला वाटलं, आले की उतरतील. त्यांच्या सुपरवायझरने आधी विचारलं, "साहेब, आतबाहेरच्या पातळीत फरक किती?" 1.5 मीटर. म्हणजे गेटवर चौरस मीटरला दीड टन दाब! फटीत हात ओढला गेला तर सुटायचा नाही. मग पंप बंद केले, पातळी सारखी होऊ दिली, पंपांच्या विजेच्या ब्रेकरला कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. खाली मिट्ट अंधार. हवेच्या नळीसोबतच्या फोनवर आवाज आला, "खाचेत बाभळीची फांदी आहे, वर साडी गुंडाळलीय." 40 मिनिटांत गेट मोकळं. साडी अख्खी निघाली, जरीकाठाची.